नागूमामांची सनई आणि विठ्ठलचा एक कान

रामनगरच्या बाजारात विठ्ठलला सगळे 'कर्णेवाला' म्हणत. लग्न असो की जत्रा, त्याचा लाउडस्पीकरचा कर्णा झाडावर चढल्याशिवाय मांडवाला शोभा येत नसे. बेळगावात दोन वर्षं राहून तो रेडिओदुरुस्ती शिकला होता. १९६३च्या शिमग्यात त्यानं आपल्या उस्तादांकडून सेलांवर चालणारा टेपरेकॉर्डर चार दिवसांसाठी मागून आणला, तो केवळ नागूमामांसाठी.

नागूमामा जवळच्या कुंभारवाडा गावाच्या मांडावर सनई वाजवत. मांड म्हणजे गावानं जमून वाजवण्या-नाचण्याची देवाची जागा. मामांच्या काही चाली दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या, आणि वर्षभरात त्यांचा दम घटला होता. "यंदा वाजवतो," ते म्हणाले होते, "फुडच्या शिमग्याचं काय खरं न्हाई." विठ्ठलच्या मनात ते घर करून बसलं. जवळ एकच फीत होती, आणि सेल जेमतेम तासभर चालणार होते.

सकाळी मांडावर मंडळी जमली. एक ढोल, कातडं ताणलेल्या मातीच्या घटांची चार घुमटं, झांजा आणि मागच्या खांबाशी नागूमामा. भाषणाला माइक वक्त्याच्या तोंडासमोर असतो, त्या सवयीनं विठ्ठलनं तो पुढे समईजवळ उभा केला. दोन मिनिटं वाजवून घेतलं आणि कानाला हेडफोन लावला. सगळीकडे ढोलच ढोल. सनई पलीकडच्या डोंगरावर वाजत असावी तशी. वर सतत काहीतरी सरसरत होतं.

त्यानं माइककडे पाहिलं. त्याच्या गळ्यात झेंडूचा टपोरा हार!

"कुणी घातला हो?"

"मी," नागूमामांची सून फुला म्हणाली. "मांडावर पावणा आला तर फूल नको व्हय?"

"वैनी, या पावण्याला फुलांची कुजबुजबी ऐकू येते."

बायका खो खो हसल्या. फुलानं हार काढून माइकच्या काठीच्या पायथ्याशी ठेवला. "घे, आता पाय तरी ऐकत न्हाईत न्हवं?"

सरसर गेली, पण ढोल तसाच राहिला. विठ्ठल गावचे बुधवंत, म्हणजे मांडाचे मानकरी, चंद्राअण्णा यांच्याकडे गेला. "अण्णा, सनई फुडं आणू आणि ढोल मागं नेऊ?"

अण्णांनी पानाची पिंक टाकली. "विठू, इथली जागा घराची असती, माणसाची न्हाई. ढोल वाजवणारं घर समईशी, सनई वाजवणारं घर खांबाशी. माझ्या आज्यालाबी हलवता आलं न्हाई."

म्हणजे हलायचं ते माइकनंच. विठ्ठलला उस्तादांचं सांगणं आठवलं. माणसाला दोन कान असतात, त्यामुळे गोंगाटातूनही त्याला हवं ते वेचता येतं. माइकला मात्र एकच कान, जवळचं सगळं तो ओरबाडून घेतो. विठ्ठलनं सगळ्यांना वाजवायला सांगितलं, एका कानात बोट घातलं आणि तो मांडाभोवती फिरू लागला. चार पावलं, थांब. चार पावलं, थांब.

"काय रं, कान ठणकतोय?" फुला ओरडली. "लसणीचं तेल घालू?"

विठ्ठलनं हात हलवला. खांबाजवळच्या ओट्यावर चढून टाचा उंचावल्या, तेव्हा सगळं अचानक जुळून आलं. ढोल दूर गेला, घुमटं सारखी ऐकू येऊ लागली, आणि सनई अगदी जवळ असूनही कर्कश वाटेना. त्यानं माइक लांब बांबूला बांधला आणि तुळईवरून नागूमामांच्या डोक्यावर दीड हात लटकवला. तोंड सनईकडे, पाठ ढोलाकडे. मग ढोलवाल्याला सगळ्यात जोराचा ठोका मारायला लावून यंत्राचा काटा तांबड्या रेघेच्या अलीकडेच थांबेल असा आवाज बसवला.

"आता थांबू नका," तो म्हणाला. "फीत एकच हाय."

वीस मिनिटं वाजवणं झालं. नागूमामांच्या कपाळावर घाम होता, पण सूर सुटला नव्हता.

उरलेल्या सेलांवर विठ्ठलनं फीत लावली. मंडळी यंत्राभोवती बसली. सनई अगदी स्वच्छ उमटली. नागूमामा यंत्राकडे कान लावून बसले. मग त्यांनी बोट वर केलं. "ते खालच्या सुरातलं घुमट कुणाचं?"

"माझं," लखू लाजत म्हणाला.

"तुझं? अरं, तीस वर्षं ढोलाच्या आड बसून एवढं गोड वाजवत होतास, आणि मला पत्ता न्हाई!"

लखूनं मान खाली घातली. "तुमची सनईबी मी आजच पुरती ऐकली, मामा. मला शिकवा की."

मामांची मान फितीच्या तालावर डोलत होती. चाल संपत आली तशी त्यांची मान डोलायची थांबली. "इथं माझा सूर जरा पडला." त्यांनी सनई पुसली आणि लखूकडे सरकवली. "धर, फुंकून बघ. विठू, सेल आणखी मिळतील का रं? उद्या परत वाजवू."

विठ्ठलनं यंत्र तिथेच फुलावैनीच्या हवाली केलं आणि सेल आणायला रामनगरची एस.टी. गाठण्यासाठी धूम ठोकली.