मागे घेतलेलं कलम

मगदूम मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या आमच्या ऑफिसात एका मसुद्यावर लाल पेनानं खुणा करत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि... गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि सवयीनं पुढची ओळ वाचायला लागले. तीच ओळ चार-पाच वेळा वाचली असेल. मग लक्षात आलं, की हा मसुदा ज्यांना दाखवायचा त्याच आता राहिल्या नाहीत. या गोष्टीला दीड महिना झाला, पण अजून काही लिहून झालं की हात फोनकडे जातो.

मॅडम सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या. अपघातानं किंवा आजारानं शरीर साथ देईनासं झालं, की माणसाला जेवण, अंघोळ, कपडे घालणं पुन्हा नव्यानं शिकवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सातारा-सांगलीकडच्या आम्ही काही छोट्या संस्था एकत्र येऊन अपंगांच्या साधनांबद्दल सरकारला शिफारशी करणार होतो. त्यासाठी तज्ज्ञ सल्लागार हवा होता. खरं सांगायचं तर, मसुद्याच्या पहिल्या पानावर छापायला एक वजनदार नाव हवं होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी ते ओळखलं. "नुसतं नाव पाहिजे असेल तर दुसरं कुणीतरी बघा. मी भांडायला येईन. चालेल?" असं म्हणून त्या हसल्या, आणि पुढची काही वर्षं खरोखर भांडल्या. मसुद्यात 'इत्यादी' दिसलं की त्याला गोल करायच्या. "हे इत्यादी म्हणजे कोण गं? त्यांची नावं लिही." 'शक्यतो' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग होता.

त्या मसुद्याचं सगळ्यात भक्कम कलम त्यांचंच होतं. कार्यक्रमात हारतुरे घालून एकाच मापाच्या चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, आणि मग त्यात बसून माणसांना जखमा होतात, हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. "ती सत्काराची शाल आहे का, सगळ्यांना एकच चालायला?" असं त्या म्हणायच्या. म्हणून कलम असं झालं, की तालुक्याच्या शिबिरात येऊन तज्ज्ञाकडून माप घेतल्याशिवाय कुणालाही खुर्ची देऊ नये. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मसुदा छापून झाला, साताऱ्याच्या बैठकीची तारीख ठरली. तेवढ्यात नमुना म्हणून आम्ही कवठे महांकाळला एक शिबिर घेतलं.

त्या शिबिरात हिराबाई आली. एकटीच आली. तिचा नवरा शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडताना वरून पडला होता आणि कमरेखालून लुळा झाला होता. तिच्या हातात एक सुतळी होती, तिला गाठी मारलेल्या. "त्येंला उचलून आणायचं कसं बाई? वस्तीवरनं गाडी न्हाई. ही बघा, मापं मी आणल्यात. ही गाठ कमरंची, ही गुडघ्याची." मी नियम सांगितला आणि तिला परत पाठवलं. शांतपणे, नीट समजावून पाठवलं, याचं मला तेव्हा समाधानही वाटलं होतं.

दुपारी जेवताना मी हे मॅडमना सहज सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "कुठली वस्ती?" त्यांनी विचारलं. तासाभरात आम्ही त्या कच्च्या रस्त्यावर होतो. हिराबाईचा नवरा छपराखाली पोत्यांना टेकून बसला होता. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या, टेपनं माप घेतलं, मग हिराबाईची सुतळी मागून तिच्या गाठींना टेप लावला. पुन्हा लावला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. हिराबाई म्हणाली, "बरुबरच असणार की. रोज मीच उचलती न्हवं त्येंला."

साताऱ्याच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी नेमकं त्याच कलमाचं कौतुक केलं. आम्ही खुशीत होतो. तेवढ्यात मॅडम उठल्या. "हे कलम मी लिहिलंय आणि ते चुकलंय. यामुळं ज्याला खुर्ची सगळ्यात जास्त लागते, तोच बाहेर राहतो. मी ते मागे घेते. कागदावर लिहा, सल्लागारांनी आपली शिफारस मागे घेतली." अधिकारी म्हणाले, "मग आधी तुमचं आपसात ठरू द्या," आणि मसुदा परत आला. जवळजवळ वर्षभर काम अडलं. बरोबरच्या दोन संस्था बाजूला झाल्या. मी जिन्यात मॅडमना गाठून म्हणाले, "निदान आम्हाला आधी सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं. आणि मी थांबलेही असते." मी काही आठवडे त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनीच एक दिवस फोन केला. "रागव तू. पण उद्यापासून नवीन कलम लिहायला बस. आणि त्या हिराबाईला विचारल्याशिवाय लिहू नको."

नवीन कलमात घरी जाऊन माप घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवायचं आणि तज्ज्ञानं ते तपासायचं, असं ठरलं. काही तालुक्यांपुरती का होईना, ती पद्धत सुरू झाली. शिकवायला मॅडम स्वतः उंब्रजपर्यंत एसटीनं यायच्या. हिराबाईच्या नवऱ्याला मोठ्या चाकांची, दगडगोट्यांतून चालणारी खुर्ची मिळाली. आपलं मत सगळ्यांसमोर बदलूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे मी तोवर कुणाकडे पाहिलं नव्हतं. पुढे माझ्या हातून चुका झाल्या तेव्हा त्या लपवाव्याशा वाटल्या नाहीत, ही त्यांचीच देणगी.

इतकी वर्षं आम्ही भेटलो ते ऑफिसात, एसटी स्टँडवर नाही तर शिबिरात. सांगलीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्या गेल्यानंतर. सून मला आत घेऊन गेली. बाहेरच्या दारातून बैठकीच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात. प्रत्येक दारात मी सवयीनं पाय उचलला आणि प्रत्येक दारात तो अंदाज चुकून सपाट फरशीवर पडला. घरात एकही उंबरा नव्हता.

"आईंनी काढायला लावले, सगळे," सून म्हणाली. "आजेसासूबाई लय चिडल्या होत्या तेव्हा, पुजायचं काय म्हणून. आम्हीही म्हटलं, आपल्या घरात कोण चाकाच्या खुर्चीत आहे? तर म्हणाल्या, कुणी पाहुणा आला तर त्याला दारातच ठेवायचा का?"

ती चहा टाकायला वळली. मी त्या दारात उभी राहून, उंबऱ्याच्या जागेवरच्या गुळगुळीत फरशीवरून पाय पुढे नेला... मागे घेतला... पुन्हा पुढे नेला. कुठेच अडला नाही.