नाला परतला, बैल थबकले

साठी उलटल्यावर माणसाने लेखणी हाती घ्यावी हे मला स्वतःलाच शोभत नाही असे वाटते. तेव्हा प्रथम वाचकांची क्षमा मागतो. माझे आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तके जागच्या जागी लावण्यात गेले. त्या पुस्तकांत आपलीही दोन पाने असावीत, अशी इच्छा कधी झाली नाही. परंतु गेल्या पोळ्याला वर्धा जिल्ह्यात जे पाहिले ते कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.

निमित्त माझ्या भाचीचे. मुक्ता अभियंता आहे. गिरडच्या पलीकडे कोळशाची एक उघडी खाण बंद पडली आहे. तिथला खड्डा बुजवून जमीन पुन्हा मार्गी लावण्याचे काम चालले आहे, आणि त्यातले पाण्याचे खाते तिच्याकडे आहे. "मामा, एकदा येऊन बघ तरी," असे ती वर्षभर म्हणत होती. अखेर मी पुण्याहून निघालो.

गाडी सकाळी वर्ध्याला पोहोचली. नालवाडीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर आंघोळ उरकते न उरकते तोच तिने मला जीपमध्ये बसवले. जामच्या चौरस्त्यावर तर्रीपोहे घेतले. तर्री (चण्याच्या रश्श्यावरचा लालभडक तेलकट थर) पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून बाहेर आली. मी पाण्याचा पेला उचलताच पोहेवाला धावला.

"काका, पानी नोका पिऊ, आनखी झोंबन! पोहेच घ्या अजून एक प्लेट."

हा सल्ला वैद्यकीय होता की व्यापारी, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. दुसरी प्लेट मात्र संपवली.

समुद्रपूर मागे पडले आणि गिरडची टेकडी दिसू लागली. माथ्यावर दर्गा, खाली हिरवीगार पराटी (कपाशी). थोड्या वेळाने आणखी एक टेकडी दिसली, पण तिचा माथा कोणी सुरीने कापल्यासारखा सपाट होता.

"ती देवाची, ही आमची," मुक्ता म्हणाली. खाणीतून उपसलेल्या मातीचा तो ढीग होता.

मला मापापेक्षा बरेच मोठे गमबूट देण्यात आले. काळ्या चिखलात तिसऱ्याच पावलाला बूट तिथेच राहिला आणि पाय पुढे गेला. मुक्ताने हसू दाबत मला हात दिला आणि चालता चालता सारे समजावून सांगितले. खाण सुरू झाली तेव्हा गावचा नाला मध्ये येत होता, म्हणून त्याला बाजूने चर खणून वळवण्यात आले. त्या चराला गाव अजून कंपनीचा नाला म्हणते; तो अद्याप बुजवलेला नाही, त्यात थोडे पाणीही असते. आता खड्डा भरला, आणि या पावसाळ्याच्या तोंडी नाला पुन्हा जुन्या जागी आणला गेला. मुद्दाम वळणावळणाने, कारण सरळ वाट मिळाली की पाणी धावते आणि धावले की तळ खणते. ढिगावरून वाहणारे पाणी छोट्या चरांनी एका तळ्यात येते, गाळ तिथे बसतो आणि निवळ पाणी पुढे नाल्याला मिळते.

"फक्त काठाच्या गवतानं अजून मूळ धरलेलं नाही," ती म्हणाली. "यंदाचा पावसाळा काठ टिकला तर जिंकलो. फुटला तर भरावाची सगळी माती नाल्यात, आणि तिथून खालच्या वावरांत." वावर म्हणजे शेत.

हे ती सांगत होती तोच घुंगरांचा आवाज आला. उद्या पोळा, आज बैलांना आंघोळ घालून त्यांचे खांदे शेकायचे. सारे गाव आपापल्या जोड्या घेऊन परतलेल्या नाल्याकडे निघाले होते, थेट त्या कोवळ्या गवताच्या रोखाने. मुक्ताचा चेहरा उतरला.

सर्वांच्या पुढे गावातले एक जुने शेतकरी, श्रीरामकाका होते. डोक्याला पांढरे उपरणे, हातात एका पांढऱ्या जोडीचे कासरे. मुक्ता दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"काका, इथून नको. खाली रपटा आहे ना, तिथून उतरवा." (रपटा म्हणजे ओढा ओलांडण्यासाठी केलेली दगडी फरशी.)

"काऊन वो म्याडम? नाला आनला म्हन्ता अन् बैल उतरू देत नाई? माह्या बापानं इथंच बैल धुतले. इतके वर्स मी गावाले सांगून राह्यलो, नाला येते म्हनून. पह्यली माही जोडी उतरन, अन् इथंच उतरन."

"रपट्यावरही हेच पाणी आहे."

"रपट्यावर बैल धुवाचा म्हंजे बसस्टँडवर आंघोळ कराची!"

मागे हशा पिकला. मी चुळबूळ करीत उभा होतो. मुक्ताने वाद सोडून शांतपणे विचारले, "काका, तुमचं वावर कुठं आहे?"

"हे काय, या वळनाखाली."

"मग काठ फुटला तर काळा गाळ आधी कुठं जाईल?"

काकांनी गवताकडे पाहिले, वावराकडे पाहिले, कासरे हातात उगाच फिरवले. "चाला रे," ते मागच्यांना म्हणाले, "बसस्टँडवर."

रपट्याशी मात्र निराळेच घडले. पांढरी जोडी पाण्याच्या कडेला आली आणि थबकली. काकांनी ओढले, चुचकारले, पाठीवर थाप दिली. बैलांनी माना वळवल्या, आणि पलीकडे कंपनीच्या नाल्याकडे चालू लागले.

"काका, बैल कंपनीचे पर्मनंट झाले ना बाप्पा!" मागून कोणीतरी ओरडले.

"वासरं होते तवापासून तिथंच नेतो त्याईले," काका खाली बघत म्हणाले. "त्याईले का माईत हा नाला."

इतरांच्या जोड्याही त्याच वाटेने वळल्या. काठ वाचला होता. पण मुक्ताला हायसे वाटल्याचे दिसेना. श्रीरामकाकांनी आपली जोडी बाभळीला बांधली, धोतर वर खोचले आणि स्वतःच रपट्यावर उतरले. ओंजळभर पाणी तोंडावर मारले. मग जीपमधली बादली मागून घेतली आणि एकेक बादली वर नेऊन बैलांना धुऊ लागले. मुक्ता बाह्या सारून मदतीला गेली. मीही एक बादली उचलली; निम्मे पाणी माझ्या बुटांत गेले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात हळद-तूप लावून बैलांचे खांदे पळसाच्या पानांनी शेकले गेले. काका त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण. मग माझ्याकडे वळून, "तुमीबी येजा, भाऊ."

पोळ्याची पुरणपोळी खाऊन मी परतलो. पुण्यात माझे नेहमीचे बूट झटकले तेव्हा थोडी काळी माती पडली. ती कुंडीत टाकली. पावसाळा सरला की कंपनीचा नाला बुजवायचा, असे आराखड्यात आहे. तसे न केल्यास पाणी दोन वाटांत विभागेल आणि कोणतीच वाट धड राहणार नाही, हे मुक्ताचे म्हणणे मला पटते. पण परवा तिचा फोन आला. श्रीरामकाका आता रोज सकाळी आपली जोडी रपट्यावर नेऊन नुसती उभी करतात, असे तिने सांगितले.

पुढच्या पोळ्याला ते बैल पाण्यात उतरतील, असे तुम्हाला वाटते का?