विहीणबाईंची भाषा

माझ्या यवतमाळच्या स्पॅनिशच्या वर्गात फोन बंद ठेवायचा नियम होता आणि शोभाकाकूंनी तो एकदाही पाळला नाही. वहीशेजारी फोन, आणि नजर फळ्यावर कमी, त्याच्यावर जास्त. परदेशी जाऊ पाहणाऱ्या विशीतल्या मुलामुलींत त्या एकट्याच पंचावन्नच्या. आर्णीत ब्लाउज शिवायच्या, आठवड्यातून दोनदा एसटीने यायच्या.

स्पॅनिश कशासाठी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मुलगी प्रणाली नोकरीला स्पेनला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, आता तिला सातवा महिना होता. बाळंतपणाला जायचं तर काकूंना व्हिसा मिळाला नव्हता. जावयाची आई फक्त स्पॅनिश बोलायची.

"पोरगी बोलते तोवर ठीक हाय, बाई," काकू म्हणाल्या. "तिच्यानं बोलणं नाही झालं, त मी कोणाले विचारू?"

क्रियापदं त्यांना छळायची. स्पॅनिशमध्ये 'आहे'ला दोन शब्द: कायमच्या गोष्टीला 'एस', आत्ताच्या अवस्थेला 'एस्ता'. शिलाईच्या खडूने त्यांनी मशीनच्या फळीवर दोन्ही लिहून ठेवले होते. आजारी असण्याला कोणता, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. 'एस्ता', मी सांगायची, कारण ते बदलतं.

दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच प्रणालीला दवाखान्यात न्यावं लागलं. जावई फोन उचलेना. घरी बसवत नाही म्हणून काकू वर्गाला आल्या. चारच्या सुमारास फोन वाजला. विहीणबाई होत्या. पलीकडून इतकं भराभर बोलणं आलं की काकूंचा चेहरा उतरला. फोन घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"मास देस्पासियो, पोर फावोर," त्या म्हणाल्या. जरा सावकाश. मग, "कोमो एस्ता प्रणाली?" कशी आहे?

काकू बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"'कान्सादा' म्हंजे थकलेली ना, बाई? दुसरं काही त नाही?"

थकलेलीच, मी म्हणाले. मग त्यांनी 'एस्ता बिएन'चा अर्थ विचारला. बरी आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

"मंग प्रणालीले मुलगी झाली," असं म्हणून त्या खाली बसल्या. वहीत त्यांनी 'एस्ता बिएन' लिहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात भूतकाळाची क्रियापदं सुरू झाली. काकू आल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं.

"झालं गेलं विचारायचं नाही मले," त्या म्हणाल्या. "आता कशी हाय, एवढं विचारता येते. रोज तेवढंच लागते."