स्कूटरच्या डाव्या झाकणाखाली

किस्से स्कूटरच्या बेल्टच्या काळ्या भुकटीसारखे साचतात. बाहेरून काही दिसत नाही, झाकण उघडलं की कळतं. पुंडलिकनगरच्या आमच्या घरातले बहुतेक किस्से माझ्या स्कूटरच्या डाव्या झाकणाखाली साचलेत. लग्नाला सात महिने झाले. स्कूटर माझ्या पगाराची, गंगापूरहून मीच चालवत आणलेली. सासरे, म्हणजे अण्णा, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ते रिटायर झाले, मेंटेनन्स झालेलं नाही.

*

बघण्याच्या कार्यक्रमात अण्णांनी मला स्वयंपाकाचं विचारलं नाही.

"स्कूटर किती चालली?"

"बावीस हजार."

"बेल्ट कधी बदलला?"

"बदललाच नाही."

माझ्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. परतीच्या वाटेवर अण्णा सुहासला, म्हणजे माझ्या आताच्या नवऱ्याला, काय म्हणाले, ते मला नंतर कळलं.

"मुलगी खरं बोलते. होकार कळव. बेल्टचं मी बघतो."

*

या स्कूटरला गिअर टाकावे लागत नाहीत. डाव्या झाकणाखाली दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट असतो, वेगाचं काय ते तेच बघतात. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी अण्णांनी ते उघडलं, आत बोट फिरवलं आणि हळहळले. "सगळं कोरडं पडलंय गं." मग मायेनं ग्रीस लावलं. सगळीकडं.

सोमवारी मी नोकरीला, रक्ततपासणीच्या लॅबला निघाले. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं, स्कूटर जागची हलायची नाही. उड्डाणपुलाच्या चढावर एक भाजीवाला हातगाडी ढकलत माझ्या पुढं गेला. जाताना त्यानं सहानुभूतीनं मागं बघितलं.

मी माघारी वळले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या सलीमचाचांनी अण्णांसमोरच झाकण उघडलं आणि बोटावर ग्रीस घेऊन बघितलं.

"अण्णा, इसकू ग्रीस किसने लगाया?"

"मशीन आहे. ग्रीस लागणारच."

"ये सूखाच चलता. ग्रीससे बेल्ट फिसलता."

"वाळूजला असलं एक पण मशीन नव्हतं."

"तो वाळूजकू ले जाओ."

लॅबमधला माझा तो पहिला उशीर. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले सात पेशंट माझ्याकडं बघत होते.

*

अण्णांनी कारखान्यातून एक गोष्ट घरी आणलीय. लाल टॅग. 'काम चालू आहे, हात लावू नये.' खाली नाव, काम आणि कधी संपणार, असे रकाने. नियम एकच: ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा.

एका रविवारी त्यांनी बेल्ट बदलला, टॅग लावला, झाकण बसवलं, आणि सोमवारी पहिल्या एसटीनं नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले. टॅग हँडललाच.

"काम झालंय ना?" मी सुहासला विचारलं.

"झालंय की."

"मग काढा तो."

"अण्णांचा आहे गं. दुसऱ्याचा टॅग काढला म्हणून वाळूजला माणसं घरी बसलीत."

अण्णांना फोन लावला. म्हणाले, "हात लावू नका. मी येतो संध्याकाळी."

मी रिक्षानं गेले. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर पर्मनंट व्हायचं विसरायचं." रजिस्टरमध्ये कारण लिहायचं असतं. मी 'टॅग' लिहिलं.

*

सासूबाईंनी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकलं.

पुढच्या रविवारी अण्णा चहाला आले तर शेगडीवर लाल टॅग. नाव: सुमन. काम: तपासणी. कधी संपणार, तिथं रेघ.

अण्णांनी तो दोनदा वाचला. "कधी निघंल हा?"

"तपासणी चालू आहे," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या.

नियम नियम होता. अण्णा कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आले. दुपारी सुहासनं खिचडी विकत आणली. चार वाजता सासूबाईंनी स्वतःच्या हातानं टॅग काढला, चहा ठेवला, आणि माझ्या हातात कप देताना म्हणाल्या, "कपाटातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये आणखी चार आहेत."

*

त्याच्या पुढच्या रविवारी मी सहाला खाली उतरले. हँडलला टॅग लावला. नाव: मीनल. काम: बेल्ट व सफाई. झाकणाचे बोल्ट एकेक काढून पुठ्ठ्यात ओळीनं खोचले. भुकटी ब्रशनं झाडली. बेल्ट वाकवून चिरा बघितल्या. ग्रीसच्या डब्याकडं बघितलं नाही.

सातला अण्णा पेटी घेऊन आले. टॅग वाचला. स्कूटरभोवती एक चक्कर मारली.

"बोल्ट कुठंयत?"

मी पुठ्ठा दाखवला. त्यांनी मोजले. पेटी उचलून वर गेले.

काम आठला संपलं. टॅग माझ्याकडंच आहे. सकाळी निघताना काढते, आले की लावते. तेव्हापासून लॅबला उशीर झालेला नाही.

अण्णा दर रविवारी पेटी घेऊन खाली येतात, टॅग वाचतात.

"अजून चालू आहे का काम?"

"हो अण्णा."

"सावकाश होऊ दे," म्हणतात, आणि सुहासच्या मोटरसायकलकडं वळतात.