नेत्रमणी माउसीचं कारंजं

नेत्रमणी माउसीच्या तोंडी लागू नये असं आमच्या गावात सगळे म्हणतात, आणि रोज सकाळी पान खायला तिच्याच ओट्यावर जाऊन बसतात. मीही बसते, शेजारीणच आहे. माउसी उडदाचे सांडगे घालून विकते. त्या सांडग्यांवर तिने नवऱ्याच्या मागे दोन पोरं वाढवली, मुलीचं लग्न केलं आणि वर गावाला अक्कल फुकट वाटली. कावळ्यालासुद्धा ती विचारते, "मेल्या, तुझ्या बापाचे आहेत का सांडगे?" आणि उत्तराची वाट बघते.

आमचं गाव प्लंबरांचं. ओडिशातल्या पटामुंडईच्या या अंगाला घरटी एक पोरगा पान्हा घेऊन बाहेर पडलेला. कोणी दिल्लीला, कोणी सुरतेला, कोणी आखातात. सगळ्या जगाचे नळ आमची माणसं बसवतात आणि आमच्या घरचे नळ टिपटिप गळतात, कारण दुरुस्त करणारा मस्कतला! माउसीचा मुलगा नटबर तिकडेच. माउसीकडे तर गळायलाही नळ नव्हता. आंघोळ तळ्यावर.

माउसीच्या लेकीच्या, झुनूच्या लग्नात व्याही आर्तत्राणबाबू भर मांडवात म्हणाले, "प्लंबरांचं गाव म्हणे, आणि हात धुवायला तळं! वा रे वा!" मांडव हसला. माउसीही हसली, पण विडा चावता चावता जीभ चावली तिने. बरं, तेवढ्यावर थांबतील तर ते आर्तत्राणबाबू कसले! सासरी झुनूला रोज चालूच. "सूनबाई, याला नळ म्हणतात हं. असा फिरवायचा. इथे बेडूक हाकलावे लागत नाहीत." पोरगी फोनवर सांगताना हसायची, पण आईला कळतं हो सगळं.

आणि मग निरोप आला, की लग्नानंतरच्या पहिल्या रज सणाला लेक-जावयासोबत व्याही स्वतः येताहेत.

"येऊ देत," माउसी म्हणाली. "याच अंगणात त्यांच्या डोक्यावर पाणी ओतते की नाही बघ. नळाचं!"

नटबरला सुट्टी नाही. बाकीचे प्लंबर येणार ते ऐन रजाच्या सकाळच्या गाडीने. गावात होता एकटा दुःशासन. दुबईहून कायमचा परत आलेला, गळ्यात साखळी, डोळ्यावर काळा चष्मा. तो चष्मा चरात उतरतानाही काढायचा नाही.

"माउसी, चाळीस मजल्यांच्या टॉवरवर काम केलंय मी. तुझं न्हाणीघर म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ."

"उजव्या हाताने केलंस तरी चालेल रे बाबा. पण रज लागायच्या आत कर."

कारण रजाचे तीन दिवस धरणीमाता पाळीत असते. ती विश्रांती घेते. नांगर नाही, कुदळ नाही, साधं खुरपं टेकवायचं नाही. पोरींनी झोपाळ्यावर बसायचं, निखाऱ्यावर भाजलेला गोड पोड पिठा खायचा आणि पुरुषांनी पत्ते कुटायचे. आमच्याकडे चोरसुद्धा त्या तीन दिवसांत भिंतीला भोक पाडायचा नाही.

दुःशासनाने नव्याने मारलेल्या बोअरच्या मोटरपासून आंब्याखालून मागच्या न्हाणीघरापर्यंत चर खणला, पाइप टाकला. काम संपलं ते रजाच्या आदल्या संध्याकाळी, आणि नेमकी वीज गेली. आता पाणी सोडून बघणार कसं?

"उद्या बघू की," दुःशासन म्हणाला.

"उद्या? आणि चर? धरणीमातेला असं उघडं ठेवून बसवणार आहेस होय? बुजव आधी!"

बुजवला. मीही दोन पाट्या माती लोटली, खोटं कशाला बोलू!

सकाळी मी नवी साडी नेसून आंब्याच्या झोपाळ्यावर बसले होते. माउसीने नळ उघडला आणि ओरडली, "लाव मोटर!" दुःशासनाने खटका दाबला. नळातून काय आलं? काही नाही. थेंब नाही. आणि माझ्या पायाखालची माती भुर्रर्र करून वर उडाली! कमरेइतका फवारा, तोही नेमका झोपाळ्याखालून! अगं आई गं! मी अशी किंचाळले की माउसीची गाय दावं तोडून पळाली.

मोटर बंद केली. तोवर सकाळच्या गाडीने उतरलेले सगळे प्लंबर पिशव्यांसकट अंगणात गोळा. प्लंबरांना गळतीचा वास लागतो बहुतेक.

"एल्बो सुटलाय."

"छे, सांधा आहे सांधा."

"आधी उकरून बघायला पाहिजे."

इथे सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. एवढे पान्हे, एवढे हात, आणि चौथ्या दिवसापर्यंत एकालाही माती उकरता येईना. त्यांनी सावलीत बसून पत्ते वाटायला घेतले.

आमचे हे म्हणाले, "सुरतेत असतो ना, तर पाच मिनिटांचं काम."

म्हटलं, "आपल्या मोरीतला नळ होळीपासून गळतोय, तो कुठे आहे? लंडनला?"

तेवढ्यात दुबईहून आलेला कुळमणी पत्ते पिसता पिसता म्हणाला, "पण माउसी, पाइपाचं काम तू दुशानानाला कसं दिलंस? नाना तर आमच्या साइटवर कमोडची झाकणं बसवायचे."

"काय बसवायचा?"

"झाकणं. नुसती झाकणं. पाइपवाले वेगळे."

माउसी दुःशासनाकडे वळली. त्याने पहिल्यांदा चष्मा काढला. "माउसी, टॉवर केवढा होता माहीत आहे का? झाकणं काय कमी लागतात?"

"मुडद्या! मग माझ्या नाकावरही एक बसव, आता कापलंच जाणार आहे ते!" आणि ती मटकन ओट्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मला फार वाईट वाटलं.

आणि दारात ऑटो थांबली. आर्तत्राणबाबू उतरले, घामाने निथळत, पोट आधी आणि आपण मागून. "काय विहीणबाई, नळ घेतला म्हणे? दाखवा तरी! की बेडूकच उघडून देतात?"

मागे जावयाशेजारी झुनू मान खाली घालून उभी. माउसीने लेकीकडे बघितलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "लाव गं मोटर."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण लावली.

भुर्रर्र! व्याही दोन पावलं मागे. "हे... हे काय?"

"हे होय? कारंजं," माउसी शांतपणे म्हणाली. "रजाला धरणीमातेला उकडू नये म्हणून करून घेतलंय. नळ काय हो, कोणीही लावतो. जमिनीतून सरळ कारंजं काढायचं म्हणजे दुबईचाच हात हवा. विचारा की यांना."

सगळ्या प्लंबरांनी पत्ते छातीशी धरून गंभीरपणे माना हलवल्या. "लई अवघड काम," आमचे हे म्हणाले. देवा, त्यांच्या आयुष्यातलं एवढं एकच खोटं मी माफ केलंय.

मग काय विचारता! आर्तत्राणबाबू सदरा काढून फवाऱ्यात उतरले ते निघेनातच. "अहाहा! पाठीवर काय लागतंय हो!" जेवायला हाका माराव्या लागल्या. तिन्ही दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आख्ख्या गावासमोर जाहीर केलं, "आर्तत्राणच्या अंगणातही असंच पाहिजे. हाच कारागीर पाहिजे!"

"न्या की," माउसी म्हणाली. "तुमच्यापुढे नाही कसं म्हणू!"

चौथ्या दिवशी धरणीमातेचं न्हाणं झालं. व्याही दुःशासनाला शेजारी बसवून निघाले. ऑटो वळली आणि सगळ्या पलटणीने कुदळी उचलल्या. आंब्याखाली सांधा निघाला, त्याला गोंदाचं बोटही लागलं नव्हतं. आणि न्हाणीघराच्या भिंतीआड, पाइपाच्या तोंडावर, घट्ट बसवलेलं झाकण! ते काढायला तिघे लागले. झाकणाचं काम मात्र पक्कं होतं त्याचं, नाव ठेवायला जागा नाही. दुपारपर्यंत माउसीच्या नळाला पाणी आलं.

पंधरवड्याने झुनूचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. "आई, इथे कारंजं अंगणात नाही, सासऱ्यांच्या खाटेखाली निघालं. आणि होता तो नळही पार कोरडा. पण बोलणार कसं? सगळ्या गावासमोर तेच तर कौतुक करून घेऊन आलेत!"

"मग आंघोळीचं काय?"

"तळ्यावर जातात. पहाटे, कोणी बघायच्या आत."

माउसीने नळ फिरवला, नवा करकरीत, आणि फोन त्या धारेजवळ धरला. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, आधी बेडूक हाकलायचे असतात हं."