उशाला कोन हाय?
लसणाच्या चटणीचा वास आला की मला दौंडचं पोस्ट ऑफिस आठवतं. सत्तरच्या दशकात माझी थोरली बहीण जर्मनीत नर्स होती. आजारपण आणि म्हातारपणासाठी म्हणून तिकडे दर महिन्याला तिचा पगार कापत, आणि आई चुलीपाशी बसून त्या सरकारला शिव्या घाली. एकदा बहिणीची तार आली, ऑपरेशन झालंय, उद्या पोस्टात फोन करते. आई भाकऱ्या आणि चटणी बांधूनच पोस्टात आली. माणूस दवाखान्यात पडलं की डबा पोचवायचा, एवढंच तिला ठाऊक. पार्सल पोचायला महिना जाईल, असं पोस्टमास्तर म्हणाले तेव्हा ती गाठोडं मांडीवर घेऊन तिथंच बसली. तेवढ्यात फोन वाजला. "आई, मी बरी हाय. पैका लागला न्हाई, जेवान बी हितलंच. पगारातनं कापत्यात, त्यातनंच समदं." आईने विचारलं, "आन् उशाला कोन हाय?" "नर्सा हायेत की, माझ्यावानी." "मंग कापू दे त्यास्नी," आई म्हणाली आणि तिथंच गाठोडं सोडून तिनं पोस्टमास्तरांसकट सगळ्यांना जेवू घातलं. परवा मी पुण्यात ॲडमिट झालो, तर तिकडच्या पेन्शनवर राहणाऱ्या बहिणीचा लगेच फोन आला. काय झालंय, हे तिनं नंतर विचारलं. आधी म्हणाली, "उशाला कोन हाय?"