टेकडीवरच्या वाटेचे बाक

ऑस्ट्रेलियात, उत्तर क्वीन्सलँडमध्ये टेकडीच्या उतारावर एक छोटं हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हा त्या कामावर मी सिव्हिल इंजिनिअर होते. मोठ्या ऑपरेशननंतर घरी जाण्याआधी पेशंटनी काही आठवडे तिथे राहून अंगात ताकद भरून घ्यायची, यासाठी ते होतं. खाली उकाड्याने जीव नकोसा होतो, वर समुद्राचा वारा येतो, म्हणून टेकडी निवडली होती.

वॉर्डापासून वरच्या बागेपर्यंत मी चढाची वाट आखली, अगदी नियमात बसणारी. हेड नर्सने ती पाहिली आणि माझ्या हातात कुबड्या ठेवल्या.

"एक पाय उचलून वर जाऊन दाखव," ती म्हणाली.

भर दुपारी मी निम्म्या वाटेतच घामाघूम होऊन कठड्याला टेकले.

"आता सांग, पेशंटनी बसायचं कुठे?"

आधी मला रागच आला. पण तिचं बरोबर होतं. मी वाटेवर चार बाक आणि त्यांच्यावर सावलीसाठी छपरं करून घेतली.

पहिला पेशंट खुब्याचं ऑपरेशन झालेला, ऊसतोडणीचं मशीन चालवणारा म्हातारा होता. पहिल्या दिवशी तो एका बाकापर्यंत पोचला. नवव्या दिवशी बागेत आला, तेव्हा मी तिथे गटारं तपासत होते. वाट कोणी आखली ते नर्सने माझ्याकडे बोट करून त्याला सांगितलं.

"चढ जरा जास्तच आहे, मेट," तो धापा टाकत म्हणाला, "पण बाक झकास!"

त्या संध्याकाळी पुण्याला आईला फोन करून मी ते वाक्य दोनदा ऐकवलं.